सतरा प्रश्न आणि उतरलेला गंधार

मला सुरातलं काही म्हणजे काही कळत नाही. सा आणि रे पाठोपाठ वाजवले तर दुसरा वेगळा आहे एवढं समजतं, त्यापुढे माझी मजल नाही. मी कराडची, शाळेत गणित शिकवते, आणि माझं लग्न झालं ते कुडाळच्या हेरंब मेस्त्रीशी. त्याने सुरात लावलेली पेटी नसेल तर आमच्या तालुक्यातले भजनीबुवा गाण्याआधी घसा खाकरतसुद्धा नाहीत. आणि हा माणूस अकरा वर्षं, दिवसातून शंभर वेळा, मला एकच प्रश्न विचारत होता.

"सुचिता, लागला?"

"लागला," मी म्हणायची.

कणीक मळताना म्हणायची, पेपर तपासताना म्हणायची, न्हाणीघरातून ओरडून म्हणायची. पहिली एक-दोन वर्षं मी त्याला सांगून पाहिलं की अरे बाबा, मला विचारून काय उपयोग, मला नाही कळत. पण त्याला कळणारं माणूस नकोच होतं. त्याला 'लागला' हा शब्द हवा होता. तो मिळाला की दोन मिनिटं चेहरा सैल व्हायचा, आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा हाक.

पेटीच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, आणि ही मंडळी त्यांना सूरच म्हणतात. पट्टी टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एवढीच विद्या, पण खरवडलेलं पितळ काही परत येत नाही. दुसरा कारागीर कानस पाच-सहा वेळा फिरवून हात धुतो. हेरंब चाळीस वेळा फिरवायचा. शेवटी पट्टी पातळ होऊन तुटायची, मग नवी बसवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. सूर मोजायची यंत्रं तीन होती घरात. काटा मधोमध उभा असला तरी हा म्हणायचा, यंत्रच बिघडलं असेल तर? म्हणून दुसरं आणलं, आणि दुसऱ्याची खात्री करायला तिसरं.

हे सगळं सुरू झालं आमच्या लग्नाच्याच वर्षी, गावातल्या म्हाताऱ्या भजनीबुवांपासून, दाजीबुवा परबांपासून. सप्ताहाच्या घाईत त्यांची पेटी याने दिली तेव्हा कोमल गंधार जरासा उतरलेला होता, आणि ते याला माहीत होतं. चालेल म्हणाला. चौथ्या दिवशी दाजीबुवा गेले. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात दोन स्टेंट, आणि डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून बजावलेलं. पण हेरंबच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आपण सूर उतरलेला सोडला म्हणून माणूस गेला. वेडेपणा आहे हे त्यालाही ठाऊक होतं, आणि हाच या आजाराचा सगळ्यात वाईट भाग आहे. बिचाऱ्याला स्वतःचा वेडेपणा लख्ख दिसतो आणि तरी हात थांबत नाही.

गेल्या गणपतीनंतर दुरुस्तीला आलेल्या चौदा पेट्या तशाच पडून होत्या. एके दिवशी मी शाळेतून आले तर हा कानशी फडक्यात गुंडाळत होता. म्हणाला, "बंद करतो. मला आता कळतच नाही गं, कुठे थांबायचं ते."

ज्या माणसाचा कान हेच त्याचं सगळं आयुष्य, त्याने असं म्हणावं. मी तिथेच पर्स ठेवून रडले. मग डोळे पुसले आणि वही काढली.

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, गोळीही सुरू केली होती. ते म्हणाले, "गोळी मी बघतो, पण या आजारावर बोलून करायच्या उपचाराला दर आठवड्याला तासभर लागतो. तो माझ्याकडे नाही. हे काम येणारं कुणी खाजगीत शोधा." शोधा म्हणजे कसं शोधा? आमच्या घराण्यात कुणी असल्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. म्हणून मी आणि हेरंबने मिळून प्रश्न लिहून काढले. सतरा झाले.

सावंतवाडीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर हा उपचार करणाऱ्या अर्पिता तेंडोलकर बसतात. पस्तिशीच्या असतील, साधा कुर्ता, केसांना रबर. जिन्यात बटरचा वास, आणि वर ही बाई. मला वाटलं, ही काय करणार? माझं हे वाटणं पुढे किती वेळा गिळावं लागलं ते आत्ताच सांगत नाही.

हेरंबने वही उघडली. डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? लागत नाही, असली तर बरं. किती वेळा यायचं? आठवड्यातून एकदा, सोळा ते वीस वेळा, मग अंतर वाढवत न्यायचं. घरबसल्या व्हिडिओवर चालेल का? काही भेटी चालतील, पण पेटीपाशी मला यावं लागेल. गोळी बंद करायची का? माझ्या सांगण्यावरून मुळीच नाही, ते डॉक्टरांना विचारा. फी त्यांनी आकड्यात सांगितली, आणि आदल्या दिवशी न कळवता चुकवलं तर अर्धी द्यावी लागेल हेही सांगितलं. गावात कळेल का? "माझ्याकडून नाही. तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच मी बोलेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून."

नववा प्रश्न माझा होता. तुम्हाला या आजारावरचा उपचार येतो, हे आम्ही कसं ओळखायचं?

त्या हसल्या. "हा सगळ्यांनी विचारायला हवा, आणि कुणीच विचारत नाही. मी नेमकं काय करणार, ते विचारा. नुसतं मन मोकळं करा, शांत व्हा, सकारात्मक विचार करा, एवढंच कुणी सांगितलं तर चहा पिऊन उठा. या आजारात भीतीच्या समोर बसायचं असतं आणि नेहमीची कृती करायची नसते. थोडी थोडी, तुमच्या संमतीने. मी जबरदस्ती करणार नाही, पण लाडही करणार नाही."

सतरावा प्रश्न होता, हे बरं होतं का?

"बहुतेकांचं पुष्कळ कमी होतं. काहींचं इतकं, की विसरायला होतं. शंभर टक्के हमी मी देत नाही."

हेरंबने लिहून घेतलं. मग विचारलं, "पण बरं होतं ना?" त्यांनी तेच उत्तर दिलं, तितक्याच शांतपणे. मी पिशवी उचलली. हेरंब दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, माझं बरं होईल ना?"

"मेस्त्री, हा प्रश्न तुम्ही तिसऱ्यांदा विचारलात. पहिल्यांदा माहिती हवी होती. आता 'लागला' हवंय. ते मी देणार नाही." आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "चार वाजून दहा मिनिटं. उपचार सुरू झाला."

हेरंब दारात तसाच उभा राहिला, कपाळावर घाम. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. अकरा वर्षांत मला गप्प बसवणारी ही पहिलीच बाई.

पुढच्या भेटीत त्यांनी मणी दाखवला. वर्तमानपत्रात त्याबद्दल आलेलं मी वाचलं होतं, पण समजलं ते त्या दिवशी. कुठलंही काम पुरं झालं की मेंदूत खोलवर एक खूण उमटते. कडी लावली, झालं. हात धुतले, झालं. कपाळामागचा भाग विचारतो, आतला भाग तपासतो आणि 'झालं' म्हणून परत कळवतो, आणि फेरा मिटतो. या आजारात कडी लागते, डोळ्यांना दिसते, पण 'झालं' पोचत नाही. मग कपाळ पुन्हा विचारतं, पुन्हा विचारतं, आणि तोच फेरा फिरत राहतो. चार-पाच वर्षांपूर्वी असं लक्षात आलं की मुद्दाम एकाग्र केलेल्या ध्वनिलहरींनी, कवटी न उघडता, ही खूण बाहेरून उमटवता येते. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात त्याच जातीच्या लहरी.

कानामागे चिकटवायचा तो मणी हरभऱ्याएवढा होता. त्याची दोन कामं. एक म्हणजे दिवा. तोच विचार तिसऱ्यांदा फिरू लागला की मणी पिवळा पेटतो, विझला की समजायचं फेरा मिटला. दुसरं काम, बटण दाबलं की तो 'झालं' पाठवतो.

"गॅस बंद केला का म्हणून वीसदा उठणाऱ्या बाईला मी बटण देते," अर्पिताताई म्हणाल्या. "पण मेस्त्री, तुमचा धंदाच 'झालं' कधी ते ओळखण्याचा आहे. तुम्हाला द्यायची मला धास्ती वाटते. नुसत्या दिव्यावर हळूहळू जाऊ, असं माझं मत. निवड तुमची."

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "घे की बटण. किती दिवस काढायचे असे?" मी थकले होते हो. 'लागला' म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "मग बसून बघू."

त्या तीन आठवड्यांचं काय सांगू. पहिल्याच दिवशी हेरंबने गंधारावर कानस तीनदा फिरवली, बटण दाबलं आणि पेटी बंद केली. मला हाक नाही. मी भाजी चिरता चिरता वाट बघत बसले, तर हा आत येऊन म्हणतो, भूक लागली. आम्ही वेंगुर्ल्याला समुद्रावर जाऊन आलो, लग्नानंतर प्रथमच, मध्ये एकदाही मागे न फिरता. चौदा पेट्यांपैकी अकरा झाल्या आणि गेल्या. हा शीळ घालायचा. मी देवापुढे साखर ठेवली.

आणि बघा, पेट्या कशा झाल्यात हे मला कळायची सोयच नव्हती. घरात दोनच माणसं. एकाचा कान बटणाने समाधानी, आणि दुसऱ्याला कानच नाही.

सत्यवानबुवा आले ते एका रविवारी सकाळी, दाजीबुवांचे चिरंजीव. आता गादी तेच चालवतात. खांद्यावर त्या अकरांतलीच एक पेटी. ओटीवर ठेवून त्यांनी भाता उघडला आणि वरच्या काळ्या-पांढऱ्यांतल्या दोन पट्ट्या दाबल्या.

"हेरंबा, ह्यो गंधार खाली इलो रे. आणि ह्यो धैवत पण. माका वाटला, माझाच कान गेलो."

हेरंबने वाकून ऐकलं. त्याचा हात कानामागे गेला, बटणावर. मग तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "लागलाय की बुवा."

बुवांनी भाता सोडून माझ्याकडे बघितलं. हे 'लागलाय' मला ओळखीचं होतं. मीच तर अकरा वर्षं म्हणत आले होते, काही ऐकू न येता.

मी पुढे होऊन त्याच्या कानामागचा मणी ओढून काढला. विचारलं नाही, सरळ काढला. "आता ऐक," म्हटलं.

बुवांनी पुन्हा पट्टी दाबली. हेरंबचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. आधी बाकी राहिलेल्या तीन पेट्या त्याने उघडल्या, मग गेलेल्या अकरांची नावं बोटांवर मोजली. कुणाकुणाकडे काय उतरलं असेल, कोण कोण म्हातारं आहे. मग म्हणाला, "सुचिता, यातला कुणी मेला तर?"

मी फोन उचलून अर्पिताताईंना लावला. देवाशपथ सांगते, 'कुणी मरत नाही रे' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते.

अर्पिताताई त्याच दुपारी आल्या, रविवार असून. मी तर तोंड लपवत होते, कारण बटणाची घाई माझी. त्यांनी 'मी म्हटलं होतं ना' असं एक अक्षर काढलं नाही. म्हणाल्या, "बटण घ्यावंसं वाटणं यात चूक काही नाही. तुम्ही दोघंही अकरा वर्षं उपाशी होता. पण आता कळलं, की बटण आणि सुचिताताईंचं 'लागला' एकच आहे. दोन्ही बाहेरून येतात. मेस्त्री, तुम्हाला 'झालं'शिवाय थांबायला शिकायचंय."

बटण त्यांनी बंद करून टाकलं, दिवा तेवढा ठेवला. आणि मला एकच वाक्य शिकवलं. त्याने विचारलं की म्हणायचं, असेल, नसेल. त्यापुढे काही नाही.

पुढचे तीन महिने मी लिहू म्हटलं तरी लिहिता येणार नाहीत. अकरा पेट्या एकेक करून परत आणल्या. प्रत्येक सुराला कानस सहा वेळा, सातवी नाही. यंत्र एकच, तेही एकदाच बघायचं. दोन यंत्रं अर्पिताताई पिशवीत घालून घेऊन गेल्या. सहाव्यानंतर हेरंब हात मांडीखाली दाबून बसायचा, कानामागे मणी पिवळा, अर्धा-अर्धा तास. "लागला?" "असेल, नसेल." एकदा त्याने चिडून पाण्याचा तांब्या आपटला, एकदा माझ्यावर ओरडला की तुला माझी दया नाही. त्या दिवशी मी गच्चीत जाऊन धुणं दोनदा वाळत घातलं. पण खाली आले तेव्हा तो तसाच बसलेला होता, हात मांडीखाली, आणि कानस जाग्यावर. एवढं धाडस मी कुणात पाहिलेलं नाही. लोक डोंगर चढतात, त्यांचे सत्कार होतात. माझा नवरा एक पट्टी न खरवडता बसला, त्याला कोण हार घालणार? म्हणून मी लिहितेय.

सतराव्या भेटीत शेवटची पायरी आली. अर्पिताताई म्हणाल्या, "एक सूर जाणूनबुजून उतरलेला ठेवायचा. पेटी द्यायची. आणि ती वाजताना समोर बसायचं. ज्याची पेटी त्याची परवानगी हवी, फसवाफसवी नाही."

हेरंब उठून बाहेर गेला. अशी पेटी कोण घेईल, आणि कुणाला विचारायचं? गावात जाहीर करायचं का? तो आठवडाभर जेवला नाही नीट. मग एका संध्याकाळी आपण होऊन सत्यवानबुवांकडे गेला, मी बरोबर होते. आणि त्याने सगळं सांगितलं. आजार, उपचार, आणि त्यांच्या वडिलांचं ते, जे अकरा वर्षांत माझ्याशिवाय कुणाला बोलला नव्हता.

बुवांनी सुपारी कातरायला घेतली.

"म्हणजे बाबा तुझ्या गंधारान गेले, असा तुका वाटता?"

"वाटतं बुवा. नाही हे माहीत आहे, पण वाटतं."

"मेल्या, बाबांका तो गंधार कळलेलो. मरूच्या आदल्या दिवशी माका म्हणाले, हेरंबान घाय केल्यान, पण पेटी गोड केल्यान." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माझ्याच पेटीत ठेव. तोच गंधार. सप्ताहात आमची पाळी दुपारची असा. समोर येऊन बस. मी काय मरूचंय नाय."

आणि मग हळूच म्हणाले, "आणि मी मेलंय, तरी ता तुझ्यामुळे न्हय."

घरी येताना हेरंब रस्ताभर रडत होता, आणि मी त्याला रडू दिलं.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी, दुपारी दोनला, आम्ही देवळाच्या सभामंडपात पुढच्या रांगेत बसलो. मागच्या खांबाला टेकून अर्पिताताई, हातात प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा. बुवांनी भाता उघडला. पहिल्या आलापातच हेरंबचा दंड माझ्या दंडाला लागून ताठ झाला, त्यावरून मला कळलं की गंधार आला. मणी पेटला. बुवा गात होते, मान उडवत, घामाघूम होत, आणि दर चार ओळींनी तो गंधार येत होता. हेरंब त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होता. त्यांना मध्येच ठसका लागला. हेरंब अर्धा उठला. मी त्याचा शर्ट धरला नाही. तो आपला आपण खाली बसला.

दीड तास मणी पिवळा होता. मी गाणं ऐकलंच नाही, कळतंय कुणाला. मी कानामागे बघत बसले. आणि बुवा गजराला आले, झांजा चढल्या, लोक उभे राहिले, तेव्हा मणी विझला. कुणी बटण दाबलं नव्हतं. कुणी 'लागला' म्हटलं नव्हतं. गंधार तर अजून उतरलेलाच होता. मी मागे वळून पाहिलं, तर अर्पिताताई पदराने डोळे टिपत होत्या. त्या दिवशी त्या साडी नेसून आल्या होत्या.

पाळी संपली. बुवा उपरण्याने तोंड पुसत आमच्याजवळ आले, जिवंत, आणि चहाला चला म्हणाले. हेरंब चप्पल शोधता शोधता माझ्याकडे वळून म्हणाला, "कोमल गंधार जरा उतरलेला होता."

तो विचारत नव्हता, सांगत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"असेल," मी म्हटलं, आणि आम्ही चहाला गेलो.